वाहन-विचारणा : लष्करी चाके जिप्सीला चालतील का?

प्रश्न : माझ्याकडे जुनी मारुती जिप्सी आहे. पावसाळ्यात आम्ही चोरल, जानापाव, पातालपाणी या बाजूच्या कच्च्या वाटांवर जातो आणि काळ्या मातीत गाडी वारंवार रुतते. महूजवळच्या एका भंगार व्यापाऱ्याकडे लष्करी लिलावातून आलेली पाच चाके टायरांसह विकायला आहेत. टायरवर ७.५०-१६ असा आकार लिहिला आहे आणि नक्षी जवळपास कोरी आहे. भोके पाचच असल्यामुळे चाके ‘सरळ बसतील’ असे व्यापारी सांगतो. ती घ्यावीत का? – एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : टायर घेऊ नयेत. रिमांचा विचार करता येईल, पण पुढील तपासणीत त्या उतरल्या तरच.

सर्वांत आधी चाक आडवे ठेवून त्याची रचना पाहावी, कारण धोका तिथे आहे. आपल्या जिप्सीची रिम एकसंध पत्र्याची असते. लष्करी चाकांत मात्र आणखी दोन प्रकार आढळतात. एका प्रकारात रिमच्या कडेला वेगळी लोखंडी रिंग असते आणि टायर त्या रिंगेच्या आधाराने बसतो. दुसऱ्यात रिम मुळातच दोन भागांची असून ते भाग नटबोल्टांनी जोडलेले असतात. रिंगवाल्या रिममध्ये रिंग गंजलेली, वाकलेली किंवा दुसऱ्याच मापाची असेल, तर हवा भरताना ती प्रचंड जोराने उडते आणि समोर बसलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. ट्रकचे काम करणारे जाणते कारागीर असे चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, बाजूला उभे राहून हवा भरतात. मोटारींची पंक्चर काढणाऱ्या नेहमीच्या दुकानात ही सोय सहसा नसते. तेव्हा रिंगवाली किंवा दोन भागांची रिम निघाली, तर हौसेच्या गाडीसाठी ती घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रिम एकसंध असेल तर भोकांकडे वळावे. ‘पाच भोके’ एवढ्याने काहीही सिद्ध होत नाही. जिप्सीचे पाच स्टड, म्हणजे चाक ज्यांवर नटांनी आवळतात ते बोल्ट, १३९.७ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर आहेत. हे वर्तुळ टेपने थेट मोजता येत नाही, कारण पाच भोकांत समोरासमोर भोक येत नाही. त्याऐवजी एका भोकाच्या डाव्या कडेपासून शेजारच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंतचे सरळ अंतर मोजावे; ते ८२ मिलिमीटर आले तर माप जुळले. त्यानंतर मधले मोठे भोक हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर, फट न राहता पण जोर न लावता बसते का आणि नटाचा उतार भोकाच्या उताराला पूर्ण टेकतो का, हे पाहावे. उतार जुळला नाही तर नट कितीही आवळला तरी काही दिवसांत सैल होतो. भोके लंबगोल झालेली असतील किंवा भोकाच्या कडेपासून केसासारखी चीर निघालेली असेल, तर ती रिम तिथेच सोडून द्यावी. अशा चिरेवर वेल्डिंग करून चाक वापरणे म्हणजे अपघाताला बोलावणे आहे. शेवटी चाक हबवर चढवून, जॅकवर फिरवून, रिमच्या कडेजवळ खडू स्थिर धरावा. कड दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डगमगत असेल तर ती रिम वाकलेली आहे.

आता टायरांविषयी. जिप्सीच्या २०५/७० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर असतो, तर ७.५०-१६ चा सुमारे ८०८, म्हणजे जवळजवळ एकवीस टक्के जास्त. याचा अर्थ स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ७२च्या पुढे धावत असेल. प्रत्येक गिअर तेवढाच लांब होईल आणि चिखलात जिथे पहिल्या गिअरचा जोर हवा असतो, नेमका तिथेच तो कमी पडेल. ब्रेकनाही तेवढ्याच प्रमाणात जास्त ताकद लावावी लागेल. शिवाय पूर्ण वळणावर टायर स्प्रिंगच्या पाट्यांना किंवा मडगार्डला घासेल. स्प्रिंग उंच करून घासणे थांबवता येते, पण गिअर आणि ब्रेक यांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आकाराहूनही महत्त्वाची गोष्ट टायरच्या ताकदीची आहे. हे टायर भरलेल्या, जड गाडीसाठी अनेक पदरांचे बनवलेले असतात आणि जिप्सीचे वजन सुमारे एक हजार किलो आहे. एवढ्या वजनाखाली त्यांची जाड बाजू दबतच नाही, त्यामुळे टायर जमिनीवर पसरत नाही आणि पकड अपेक्षेपेक्षा कमी मिळते. हवा कमी करून तो पसरवावा असे वाटेल, पण ट्यूबच्या टायरमध्ये हवा फार उतरवली की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. नक्षीही पाहून घ्यावी. लष्करी टायरांवरचे ठोकळे अनेकदा दोन्ही दिशांना सारखी ओढ मिळावी आणि टायर गाडीच्या कोणत्याही बाजूला लावता यावा, या हिशेबाने रचलेले असतात. ती सोय लष्कराच्या कामाची आहे. माळव्याची काळी माती मात्र अशा ठोकळ्यांमध्ये गच्च भरून बसते आणि दहा पावलांत टायर गुळगुळीत होतो. ओल्या डांबरावरही हे टायर घसरतात.

नक्षी कोरी आहे, याने आपण सुखावून जाऊ नये. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतील, तर पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. २३१२ म्हणजे २०१२चा तेविसावा आठवडा. तिथे तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचा आहे. अनेक टायर कंपन्या दहा वर्षे ही कमाल मर्यादा मानतात, मग टायर धावलेला असो वा नसो. ठोकळ्यांच्या मधल्या खाचेत अंगठ्यांनी दाब देऊन रबर ताणून पाहावे. बारीक भेगांचे जाळे उघडले तर तो टायर कोणत्याही भावाने महागच आहे.

मी आपल्याला सुचवेन ते असे : स्वतःच्या पंधरा इंची रिमा ठेवाव्यात आणि त्यांवर मोकळ्या, खोल नक्षीचे २१५/७५ आर १५ मापाचे नवे टायर घ्यावेत. व्यास सुमारे पाच टक्केच वाढतो आणि टायर चिखल झटकतो. चार चाके एकाच मापाची आणि सारखी झिजलेली असावीत, आणि सुटे चाकही त्याच मापाचे असावे, कारण फोर-व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या चाकांच्या घेरातला फरक ट्रान्सफर केसला, म्हणजे दोन्हीकडे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीला, सोसावा लागतो.

प्रश्न : अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मुलाने आपल्या जुन्या आठ नटांच्या पिकअपसाठी हमवीची चाके स्वस्तात घेतली आहेत. त्याने काय काळजी घ्यावी? – एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : हमवी म्हणजे अमेरिकी लष्कराची गाडी. तिच्या चाकांची आठ भोके साडेसहा इंची वर्तुळावर असतात आणि तेच माप तिकडच्या अनेक जुन्या जड पिकअपना असते, म्हणून ही चाके लोकप्रिय आहेत. त्यांची रिम दोन भागांची असून आत पंक्चर झाल्यावरही गाडी चालावी यासाठी कडक आधार बसवलेला असतो. रिमचे दोन भाग जोडणारे नट आणि चाक हबवर धरणारे नट वेगवेगळे आहेत, हे मुलाला नीट समजावून सांगावे. चाक उघडायचे असेल तर आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्णपणे सोडावी, व्हॉल्व्हमध्ये तार घालून तो तुंबलेला नाही याची खात्री करावी आणि मगच जोडणाऱ्या नटांना हात लावावा. हवा असताना ते नट सैल केल्याने माणसे मेली आहेत. परत जोडताना दोन भागांमधली रबरी सीलची रिंग नवी घालावी.

रिमचा व्यास साडेसोळा इंच आहे, त्यामुळे तिच्यावर साडेसोळाचाच टायर घ्यावा. सोळा इंची टायर तिच्यावर चढतो, पण सोळा आणि साडेसोळा इंची रिमांच्या बैठकीचा उतार वेगळा असल्याने तो नीट बसत नाही आणि हवा भरताना फुटतो. हमवीचे चाक आतल्या बाजूला खोल बसते, म्हणून ते पिकअपच्या सांगाड्याला लागते का हेही गाडी पूर्ण वळवून पाहावे.

प्रश्न : लष्करी हिरव्या रंगाच्या रिमा तशाच ठेवल्या तर चालेल का? मोठे टायर लावल्यास आरटीओची अडचण येते का? – एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे, म्हणून रिमाही काळ्या रंगवून घ्याव्यात. गंज खरवडताना चिराही दिसून येतात, हा वेगळा फायदा. टायरांच्या बाबतीत मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ लागू होते. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी दूर नेणारा बदल या कलमाने वर्ज्य आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली आहे. टायर घेण्यापूर्वी गाडीच्या पुस्तिकेतली मापे पाहावीत आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर मागून घ्यावे.