वडील पडल्यापासून पलंग सोडत नाहीत आणि आई मदतीला बाई ठेवू देत नाही. नाशिकमध्ये काय करता येईल?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वडील ७८ वर्षांचे आहेत, दोन महिन्यांपूर्वी इंदिरानगरच्या घरी बाथरूममध्ये पडले, हाड मोडले नाही, पण तेव्हापासून ते पलंगावरून उठायलाच तयार नाहीत. ७२ वर्षांची आई त्यांचे सगळे एकटीने करते आणि तुम्ही नोकरीमुळे पुण्यात आहात. मी डॉक्टर नाही. गंगापूर रोडवरील आमच्या घरी सासऱ्यांचे दुखणे पाच वर्षे चालले आणि त्यांचे बहुतेक सगळे सासूबाईंनी केले, तेवढ्या अनुभवावर लिहिते आहे.

‘वय झाले, पडायचेच’ हे उत्तर कोणाकडूनही ऐकून घेऊ नका. आमचे सासरे सकाळी उठल्या उठल्याच पडत, हे लक्षात यायला आम्हाला तीन वेळा पडणे लागले. शेवटी एका डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब आधी झोपवून, मग उभे केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी मोजला, तेव्हा वरचा आकडा १४० वरून ११२ वर आला. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर ती दखल घेण्याजोगी गोष्ट मानतात. आमच्याकडे रक्तदाबाची गोळी एका डॉक्टरांची होती आणि प्रोस्टेटची दुसऱ्यांची. दोन्हींनी दाब उतरतो, पण दोन्ही कागद एकत्र कोणी पाहिलेच नव्हते. तेव्हा झोपेच्या गोळीसकट घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ठेवा. स्वतःहून मात्र एकही गोळी बंद करू नका.

पडण्याच्या भीतीने माणूस पडून राहतो आणि पडून राहिल्याने मांड्यांची ताकद इतक्या झपाट्याने जाते की पुढच्या वेळी तो खरोखरच पडतो. म्हणून व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोन-तीनदा घरी बोलवा. त्यांच्याकडे एक साधी चाचणी असते: हात छातीवर घेऊन खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा उठता येते, ते मोजायचे. ७५ ते ७९ वयाच्या पुरुषाला अकरापेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका धरतात. आमच्या सासऱ्यांना पहिल्या दिवशी चार वेळाही जमले नव्हते, पण आकडा समोर असल्यामुळे ते ईर्ष्येला पेटले. आमच्या विनवण्यांनी जे झाले नव्हते ते त्या आकड्याने केले. बाथरूममध्ये भिंतीत पक्की बसवलेली धरायची दांडी हवी. टॉवेलची दांडी धरायची सवय असेल तर ती आधी मोडा, कारण अंगाचा भार आला की ती स्क्रूसकट हातात येते. नाशिकच्या थंडीत फरशी गार लागते म्हणून आपण नुसते मोजे घालून देतो, तेही घसरतात. मागून पट्टा असलेली, रबरी तळव्याची चप्पल बरी.

आता आईंविषयी, कारण मला तुमच्या प्रश्नात त्यांचीच काळजी अधिक वाटली. सासऱ्यांच्या गोळ्यांचा वारांचे कप्पे असलेला डबा सासूबाई रविवारी रात्री न चुकता भरत. चार वर्षांत एक कप्पा चुकला नाही. एकदा सुई शोधताना शिवणाच्या डब्यात मला त्यांच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या दोन स्ट्रिप सापडल्या, एकही गोळी न फोडलेल्या. विचारले तर म्हणाल्या, ‘अगं, त्यांचं आवरता आवरता माझं राहूनच जातं.’ त्या एका वाक्यानंतर आम्ही बाई ठेवायचे ठरवले.

ठरवले, तरी त्यांनी पहिल्या दोन मावशींना आठवडाभरात घालवले. चूक आमची होती. ‘तुमच्याने आता होत नाही’ असे सांगून बाई आणली की पन्नास वर्षे घर चालवलेल्या बाईला ते बडतर्फीच्या नोटिशीसारखे लागते, शिवाय स्वयंपाकघरात परका हात नको असतो तो वेगळाच. तिसऱ्या मावशी आल्या त्या ‘फिजिओथेरपीचा व्यायाम करून घ्यायला’, दुपारी चार ते सात, स्वयंपाकघराशी संबंध नाही आणि काम सांगणाऱ्या सासूबाईच. पहिले काही दिवस सासूबाई शेजारी जाऊन अर्ध्या तासात परत येत. नंतर भजनी मंडळ सुरू झाले. अंघोळीला उचलून बसवण्यासाठी पुरुष मदतनीस लागला, तर तो वेगळा ठेवा, पण आईंना ते वजन उचलू देऊ नका. तुम्हीही महिन्यातून एक शनिवार-रविवार ‘भेटायला’ येऊ नका, पाळी घ्यायला या आणि त्या दोन दिवसांत आईंना घराबाहेर पाठवा. एसटीत त्यांना अर्धे तिकीट आहे; वडिलांना तर पंचाहत्तरीनंतर मोफतच, फक्त बसस्थानकापर्यंत पोहोचायला हवेत.

सरकारी सोयींपैकी सत्तरीपुढच्यांचे आयुष्मान कार्ड दोघांचेही काढून ठेवा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्याला उत्पन्नाची अट नाही आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यावर होतात. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी आहे, मावशींचा पगार त्यातून निघत नाही. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन मोफत आहे; तो क्रमांक आईंच्या फोनमध्ये घालून द्या.

येत्या खेपेला नाशिकला आलात की आईंच्या स्वतःच्या गोळ्या मोजून पाहा. फोनवर विचारू नका. ‘घेते आहे’ असेच उत्तर मिळेल.