मुंबई ते लंडन विमानाने अंतर किती, वेळ किती लागतो? मुलगा तिकडे शिकायला चाललाय, अडीनडीला किती तासांत रत्नागिरीला पोचेल?

अंतर साधारण 7,200 किलोमीटर. थेट विमान जाताना साडेनऊ-दहा तास घेतं, येताना नऊच्या आसपास, कारण वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हे कुठेही सापडलं असतं. तुम्ही ‘अडीनडीला’ लिहिलंत म्हणून मी लिहायला बसले.

आमचं घर देवगड तालुक्यात. आई जुलैत गेली, पहाटे. धाकटा भाऊ लंडनला. त्याला फोन लावला तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची रात्र होती. सकाळच्या थेट विमानात जागा नव्हती, दुपारचं दुबईमार्गे मिळालं. लंडन-दुबई सात तास, दुबई-मुंबई तीन, मधलं ताटकळणं वेगळं. मुंबईत उतरून सामान घेऊन बाहेर येईपर्यंत कोकणात येणारी मांडवी एक्सप्रेस निघून गेलेली. मग गाडी ठरवली. मुंबई-गोवा महामार्ग, तोही पावसातला, आणि परशुराम घाटात दरडीमुळे वाहतूक खोळंबलेली. दारात आला तेव्हा काळोख पडला होता. आईला आदल्या दुपारीच नेलं होतं, अग्नी चुलतभावाने दिला.

तेराव्याला काका सगळ्यांदेखत म्हणाले, “नऊ तासांचा तर इमान. खय रवलो ह्यो?” भाऊ खाली मान घालून बसला. मोठ्यांसमोर मीही गप्प राहिले.

काका, भाऊ विमानात जेमतेम दहा तास होता. बाकीचा वेळ तिकीट, रांगा आणि आपल्या रस्त्याने खाल्ला. थंड शवपेटी आणून एक दिवस थांबूया, असं मी म्हणत होते. लाकडं भिजतील, पाऊस वाढेल म्हणून घाई तुम्हीच केलीत. उशीर त्याच्या माथी मारू नका.

तुम्हाला सांगायचं तर दीड दिवसाच्या आत मुलाची वाट पाहू नका. आणि कोणासाठी किती थांबायचं हे घरात आत्ताच बोलून ठेवा, त्या दिवशी जो मोठ्याने बोलतो त्याचंच चालतं. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. उन्हाळ्यात तिकडून रात्री 9 ला निघून इथे सकाळी साडेदहाला उतरला तर तो प्रवास नऊ तासांचाच.

रत्नागिरी आमच्यापेक्षा मुंबईला जवळ, तेवढा वेळ वाचेल. पण पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात. सिंधुदुर्गवाल्यांना 2023 पासून गोव्यातल्या मोपा विमानतळाचाही पर्याय आहे. आणि पाकिस्तानचं आकाश आपल्या कंपन्यांना बंद असलं, जसं 2019 मध्ये काही महिने होतं आणि एप्रिल 2025 मध्ये पुन्हा झालं, की भारतीय विमानांना वळसा पडतो. तेव्हा वरचे नऊ-दहा तासही वाढवून धरा.