झूलॉजी, केमिस्ट्री की बीएफएस्सी? (माझा अनुभव, जरा लांब आहे)

बारावीनंतर झूलॉजी घेऊ, केमिस्ट्री की बीएफएस्सी (मत्स्यशास्त्राची पदवी), ही तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही गं. देवगड, बारावीला ७८ टक्के, समुद्रातल्या जिवांचं वेड, बाबा म्हणतायत केमिस्ट्री घे म्हणजे लोट्याच्या केमिकल कारखान्यांत नोकरी लागेल, मावशी म्हणते मुंबईला येऊन आयटी कर. आमच्याकडे मावशीच्या जागी काका होता, बाकी सगळं हेच.

फॉर्म-बिर्म कसे भरायचे ते तुला ठाऊक असेलच, ते सोडते.

मला सगळ्यात महाग पडलं ते ॲडमिशनच्या खिडकीवरचं एक वाक्य. मी स्पष्ट विचारलं होतं, झूलॉजीत बीएस्सी करून पुढे एमएफएस्सी (मत्स्यशास्त्रातली मास्टर्स) करता येईल ना? मान वर न करता उत्तर, "हो हो, सगळं एकच ते." एकच नाहीये! एमएफएस्सीला चार वर्षांची बीएफएस्सीच लागते, वर्सोव्याच्या सीआयएफईला (मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था) सुद्धा, झूलॉजीत कितीही मार्क असोत. हे कळलं टीवाय संपताना. त्याच ऑफिसात गेले तर म्हणे आम्ही असं सांगितलंच नसेल, लेखी आहे का काही? अहो, तुम्ही लेखी देता कुठे! आणि बीएफएस्सीचं कॉलेज कुठे, तर रत्नागिरीजवळच्या शिरगावला, दापोली कृषी विद्यापीठाचं, १९८१ पासूनचं, आमच्या घरून रिक्षाने जाण्याइतकं जवळ. अजून चीड येते. खेड्यातून आलेली पोरं त्या खिडकीवरचा शब्द खरा धरून चालतात, आणि तिथे बसलेल्याला त्याचं काहीच नाही.

तर माझं मत, फक्त मत हां, सीईटी दिली असशील तर बीएफएस्सी पहिली. कोळंबी संवर्धन, मत्स्यबीज, प्रक्रिया, सगळं हाताने करायला मिळतं आणि नोकरीच्या वाटाही त्यातूनच निघतात.

बाबांचं चुकीचं नाही. लोटे, महाड इथे केमिस्ट्रीवाल्यांना क्यूसी लॅबमध्ये (मालाचा दर्जा तपासायला) घेतात. पण शिफ्ट असते, आणि मन नसताना ऑरगॅनिक रेटत बसलीस तर मार्क घसरतात, मग पुढे एमएस्सीला ५५ टक्के (राखीवला ५०) नसले की नेटचा (प्राध्यापक, संशोधक व्हायची परीक्षा) रस्ताच बंद. आयटीबद्दल तुझ्या पोस्टमध्ये एक शब्दही ओढीने लिहिलेला नाही, त्यामुळे ते मी तरी बाजूला ठेवीन.

झूलॉजीच मिळाली तर सोबतची केमिस्ट्री जमेल तितकी वर्षं सोडू नकोस, टाईमटेबल बसत नाही म्हणाले तरी भांड. मी आता मासे एक्स्पोर्ट करणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, बांगड्यातलं हिस्टामीन (मासा खराब व्हायला लागला की त्यात वाढणारं घातक द्रव्य) तपासताना रोज केमिस्ट्रीच कामी येते.

नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा माझ्यावरही विसंबू नको, यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाच आणि शंका ईमेलनेच विचार, म्हणजे उत्तर हातात राहतं. आणि एकदा शिरगावला जाऊन ये, बाबांना घेऊनच जा, ऑफिसात नको, शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना गाठून विचार की मागच्या बॅचचे कोण कुठे लागले.