फोटो दाखवणाऱ्याला काय सांगावं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि पेणच्या गणपती कारखान्यातले फोटो मिळाले. फोटोग्राफीच्या ग्रुपची जबाबदारी आता तुझ्याकडे आली, हे वाचून फार बरं वाटलं. तू लिहिलं आहेस की तुमच्याकडे फोटोवर दोनच तऱ्हेचं बोललं जातं. एक तर ‘अप्रतिम’, ‘जबरदस्त’, ‘क्या बात’. नाहीतर मग एखाद्या जुन्याजाणत्याचा फटका, ‘याला फोटो म्हणतात का?’ असल्याच एका फटक्यानंतर एका मुलीने फोटो दाखवणंच बंद केलं. लोकांनी खरं बोलावं आणि तरी कुणी खट्टू होऊन निघून जाऊ नये, यासाठी काय करता येईल, असं तू विचारलंस.

मला तर या दोन्ही तऱ्हांमध्ये फोटो कुणी पाहिल्यासारखंच वाटत नाही. ‘अप्रतिम’ लिहिणारा मित्राला खूश करून पुढे गेलेला असतो आणि फटकारणारा आपला अधिकार गाजवून मोकळा झालेला असतो. फोटो काढणाऱ्याला मात्र पुढच्या वेळी काय वेगळं करायचं, हे दोघांकडूनही कळत नाही. तेव्हा ग्रुपला एक सवय लाव. मत द्यायच्या आधी प्रत्येकाने आपल्याला काय दिसलं ते सांगायचं. नजर आधी कुठे गेली, मग कुठे गेली, कुठे अडखळली, काय बघायचं राहून गेलं. चांगलं-वाईट नंतर.

तुझ्याच फोटोवर करून दाखवतो. कारागीर गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतोय, तो फोटो. माझी नजर सगळ्यात आधी गेली ती उजवीकडे वर लावलेल्या ट्यूबलाइटवर, कारण अख्ख्या फ्रेममध्ये सर्वांत उजळ तीच आहे. तिथून खाली उतरली ती ब्रशच्या टोकावर, आणि तिथे रमली. ब्रशचे दोन-तीनच केस मूर्तीला लागलेत आणि हात हलू नये म्हणून कारागिराने करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवली आहे. ही करंगळी तू टिपलीस, त्याबद्दल शाबास. मग मागच्या रांगेतल्या, अजून रंग न लागलेल्या मूर्ती दिसल्या. त्या पांढऱ्याशुभ्र असणार, पण फोटोत मळकट, राखाडी वाटल्या, आणि त्यांच्यावर आडवे फिकट-गडद पट्टे दिसले. कारागिराचा चेहरा मला सगळ्यात शेवटी सापडला. तो अंधारात आहे.

आता बघ, यात मी तुझ्या फोटोला नावं ठेवलेली नाहीत. माझी नजर कशी फिरली तेवढंच सांगितलं. पण फोटोत काय बिनसलंय ते तुला यातूनच उमगलं असेल.

आता कारणांकडे ये. कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं मीटर समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतं. पांढऱ्या मूर्तींची रांग समोर आली की त्याला प्रकाश जास्त झाल्यासारखा वाटतो आणि ते एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी आत घेतला जाणारा प्रकाश, खाली ओढतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे हा प्रकाश आपल्या हाताने कमी-जास्त करायची सोय, अधिक १ वर ने. मूर्ती पांढऱ्या होतील आणि चेहऱ्यावरचा अंधारही थोडा उठेल. ट्यूबलाइट मात्र आणखी भगभगेल, म्हणून एक पाऊल डावीकडे सरकून तिला फ्रेमबाहेर काढ. राहिले पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, पण १/५०० सेकंदाचं शटर त्या चढउताराचा एक तुकडाच पकडतं. १/१०० किंवा १/५० वर आलास की पट्टे जातील. आखणीचा हात तसाही संथ चालतो, तेवढ्या शटरला तो हलणार नाही.

अभिप्राय असा असला की त्याचं ओझं होत नाही. पुढच्या खेपेला कारखान्यात गेल्यावर करून बघण्यासारखं काहीतरी खिशात असतं.

आणि सल्ला देण्याआधी एक प्रश्न विचारायला सगळ्यांना शिकव: तुला यात काय दाखवायचं होतं? मला सारखं वाटत होतं की तू ही फ्रेम उभी घ्यायला हवी होतीस, माणूस आणि मूर्ती समोरासमोर. पण तुला कदाचित मागची रांग हवी असेल, एका माणसाच्या हातून अजून किती डोळे उघडायचे आहेत ते दाखवायचं असेल. तसं असेल तर माझा सल्ला चुकीच्या फोटोला दिलेला सल्ला ठरतो. ‘क्रॉप कर’ हा तर मला सगळ्यात आळशी अभिप्राय वाटतो. आपल्याला हवा असलेला फोटो दुसऱ्याच्या फोटोतून कापून काढायचा, एवढंच त्यात असतं.

या बाबतीत मला रॉय स्ट्रायकर या माणसाची नेहमी आठवण होते. अमेरिकेत १९३५ पासून मंदीच्या काळातल्या शेतकऱ्यांचं आणि मजुरांचं जगणं टिपण्याचं जे सरकारी काम चाललं, त्याचा हा प्रमुख. स्वतः अर्थशास्त्राचा माणूस, छायाचित्रकार नव्हे. वॉकर इव्हान्स, डोरोथिया लँग, आर्थर रोथस्टीन अशी मंडळी त्याच्यासाठी गावोगाव फिरत होती. सुरुवातीच्या वर्षांत नापसंत ३५ मिलिमीटर निगेटिव्हना तो पंचने सरळ भोक पाडायला लावी. अशा निगेटिव्ह आजही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेल्या आहेत. निगेटिव्हला भोक असलं की प्रिंटमध्ये तिथे काळी कुळकुळीत गोल टिकली उमटते. कुठे शेतावर, कुठे एखाद्याच्या चेहऱ्यावर. का नापसंत, याचा त्या टिकलीवरून काहीच पत्ता लागत नाही. छायाचित्रकार चिडले, त्यांनी विरोध केला आणि ती चाल पुढे बंद पडली. ‘याला फोटो म्हणतात का?’ हे वाक्य ऐकलं की मला ती काळी टिकली दिसते.

पण हाच स्ट्रायकर १९४२ मध्ये गॉर्डन पार्क्स या छायाचित्रकाराशी कसा वागला बघ. पार्क्स कृष्णवर्णीय, वय २९, शिष्यवृत्तीवर वॉशिंग्टनला नुकताच आलेला. स्ट्रायकरने त्याला कॅमेरा ठेवून द्यायला लावला आणि शहर बघून ये म्हणून सांगितलं: दुकानात जा, हॉटेलात जेव, सिनेमा बघ. राजधानीतल्या त्या ठिकाणांनी काळ्या माणसाला उभं केलं नाही. पार्क्स संतापून परत आला. तेव्हा स्ट्रायकरने त्याला सुचवलं की इथे आयुष्य काढलेल्या काळ्या माणसांशी आधी बोल. त्याच इमारतीत साफसफाई करणाऱ्या एला वॉटसन यांच्याशी तो बोलला, त्यांची सगळी कहाणी ऐकली आणि मग त्यांना अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभं केलं, एका हाताशी झाडू आणि बाजूला मॉप. फोटो बघून स्ट्रायकर हादरला. याने सगळ्यांच्या नोकऱ्या जातील, असं तो म्हणाला. पण त्याच बरोबर या बाईंसोबत काम चालू ठेव, असंही त्याने सांगितलं. मग पार्क्स त्यांच्या घरी गेला, नातवंडांमध्ये बसला, त्यांच्या चर्चमध्ये गेला. झेंड्याचा तो एक फोटो जगभर गाजला. पण एला वॉटसन यांचं माणूसपण मला त्या पुढच्या फोटोंमध्ये जास्त दिसतं, आणि ते फोटो निघाले एका चांगल्या सूचनेमुळे. सूचनेत लेन्स नव्हती, शटर नव्हतं. कुठे जा, कुणाशी बोल, थांबू नकोस, एवढंच होतं. तुमच्यातल्या जाणत्यांनी नवख्यांना असं काही सांगावं, यासाठी तू धडपड.

दाखवणाऱ्याकडेही काम आहे बरं का. ‘कसा वाटला?’ विचारलं की ‘छान’ हेच उत्तर येणार. त्याने नेमकं विचारावं: चेहरा अंधारात आहे ते खटकतंय का? मागची रांग जास्त बोलतेय का? आणि निवडलेला एकच फोटो न दाखवता त्याच्या आगेमागचे आठ-दहा दाखवावेत. फिल्मच्या काळात ३६ फोटोंचा रोल संपला की त्याची कॉन्टॅक्ट शीट निघायची, सगळ्या फ्रेम एकाच कागदावर ओळीने. त्यात माणूस कुठे घुटमळला, कुठे घाईने निघून गेला, कुठे आणखी दोन पावलं पुढे जायला हवं होतं, सगळं उघडं पडायचं. हल्ली मेमरी कार्डमधले बाकीचे फोटो कुणी कुणाला दाखवत नाही, आणि माझ्या मते शिकण्याची सगळ्यात मोठी जागा आपण तिथेच गमावतो. रचनेवर बोलायचं असेल तर आणखी एक कर: फोटो उलटा धर. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्टिए-ब्रेसाँ प्रिंट उलटे करून बघत असे. माणूस, मूर्ती, डोळे हे ओळखीचं सगळं मागे पडतं आणि उजेड-अंधाराचे आकार तेवढे उरतात. ती ट्यूबलाइट तुला लगेच टोचेल.

त्या मुलीबद्दल. तिला ‘मनाला लावून घेऊ नकोस’ असं सांगू नकोस. लागणारच. तिला आधी दुसऱ्यांच्या फोटोंवर बोलायला बोलाव, काय दिसलं ते सांगायला. बोलता बोलता तिच्या लक्षात येईल की आपली नजर चांगली आहे, आणि मग फोटो आपोआप बाहेर येतील. ज्यांनी तिला फटकारलं, त्या ज्येष्ठांनाही दूर लोटू नकोस. त्यांना मान देऊन सांग, ‘दादा, तुमचा एक फोटो घ्या आणि तो कसा घडला ते पहिल्यापासून सांगा.’ अनेकांना आपल्याला काय येतं हे कुणी कधी विचारलेलंच नसतं, म्हणून ते चिडचिड करून दाखवतात.

हातचं राखून न ठेवता शिकवणं आपल्याकडे नवीन नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक नावाजलेले भारतीय सभासद. ओल्या कोलोडियनची पद्धत तेव्हा नवी होती. काचेवर रसायन ओतायचं आणि ती ओली असेपर्यंतच फोटो घेऊन धुवायचाही. मुंबईच्या उकाड्यात काच वाळायला कितीसा वेळ लागणार? अशा कामात एकाला साधलेली युक्ती दुसऱ्याला कळणं ही सगळ्यांचीच गरज होती. आज यंत्रं इतकी सोयीची झाली आहेत की दुसऱ्यावाचून आपलं अडत नाही, असं वाटायला लागतं. अडतं. तू कारखान्यात उभा असताना तुझ्या पाठीमागे काय चाललं होतं, हे तुला दुसराच कुणीतरी सांगू शकतो.

आता एक अवघड गोष्ट. तुमच्यातले बरेच जण हिवाळ्यात भिगवणला जातात. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरले की पंखांचा तो गुलाबी-काळा रंग उडतानाच दिसतो, म्हणून काही जण होडीवाल्याला होडी थेट थव्यात घालायला लावतात. उथळ पाण्यात चोच बुडवून, चिखल-पाणी गाळून खाणारा पक्षी तो. प्रत्येक वेळी उडाला की खाणं सुटतं आणि ताकद वाया जाते. तसा फोटो आला आणि खाली तुम्ही सगळ्यांनी ‘अप्रतिम’ लिहिलंत, तर पुढच्या रविवारी आणखी होड्या तेच करणार. इथे गप्प बसणं मला मान्य नाही. पण एकट्यादुकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याऐवजी ‘हा फोटो कसा मिळाला?’ हा प्रश्न प्रत्येक फोटोला, अगदी तुझ्या पेणच्या फोटोलाही, विचारायची पद्धत पाडा. मग जो होडी बंद करून, लांबून, तासभर थांबला त्याचंही कौतुक होईल, आणि होडीवाल्याला लांब थांबल्याबद्दल चार पैसे जास्त द्यावेत हेही कुणाच्या तरी तोंडून निघेल. घरट्यांच्या बाबतीत तर नियमच करा. तंत्र सगळं वाटा, घरट्याचा पत्ता मात्र कुणालाही देऊ नका.

शेवटचं, आणि यासाठी खर्चही फार नाही. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेटा आणि प्रत्येकाने एक प्रिंट आणायची, आठ बाय दहाची. फोनवर सगळं उजळ आणि धारदार दिसतं. कागदावर आलं की सावलीतला चेहरा खरोखर किती बुडालाय ते कळतं. प्रिंटा टेबलावर मांडा, नावं न सांगता. एका प्रिंटभोवती सगळे उभे राहून दिसलं ते बोलतील, आणि ज्याची प्रिंट असेल त्याने तोवर तोंड उघडायचं नाही, फक्त वहीत लिहून घ्यायचं. खुलासे शेवटी. सुरुवातीला हे फार जड जाईल. आपल्या फोटोची बाजू मांडायला जीभ वळवळते. पण लोकांना जे दिसलं ते दिसलं, आणि खुलासा फोटोसोबत सगळीकडे फिरत नाही. बैठकीची तारीख ठरली की कळव. मीही एक प्रिंट घेऊन येईन आणि वही उघडून गप्प उभा राहीन.

तुझा,
काका