ओढ्यात सोनं शोधताना आजचं पाणी बघू नका, पुराचं बघा

प्रश्न: गेले तीन-चार रविवार एका ओढ्यातली वाळू पॅनमध्ये (सोनं वेगळं करायच्या पसरट थाळीत) धुतोय. वळणावर बाहेरच्या काठाला डोह आहे, जड वस्तू खोलात जाऊन बसणार म्हणून तिथलीच वाळू काढतो. काळी वाळू येते पण सोन्याचा एक कण नाही! वरच्या अंगाला पूर्वी सोनं निघालंय हे नक्की. माझं काय चुकतंय?

उत्तर: जागा चुकतेय. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचा जोर सगळ्यात जास्त असतो, म्हणूनच तर तिथे डोह पडतो आणि काठ खचतो, आता जे पाणी काठ खातं ते तुमच्यासाठी सोनं कशाला ठेवेल? आतल्या बाजूला बघा, तिथे पाणी संथ असतं आणि वाळू-गोट्यांचा पट्टा पुढे आलेला असतो. त्याचं वरच्या अंगाचं टोक, जिथे पाणी पहिल्यांदा मंदावतं आणि मोठे गोटे अडकलेले दिसतात, तिथून सुरुवात करा. शेपटाकडे नुसती बारीक वाळू मिळते, लोक मात्र खणायला सोपं म्हणून नेमके तिथेच बसतात.

सोन्याची घनता पाण्याच्या 19.3 पट, साध्या वाळूतल्या क्वार्ट्झची 2.65 पट. पाण्यात बुडल्यावर दोन्हींतून 1 वजा करा, म्हणजे फरक अकरा पटींचा होतो. त्यामुळे एरवीच्या पाण्याने सोनं फारसं हलतच नाही, हलतं ते पुरात. म्हणून काठावरच्या झाडांना कचरा किती उंचीवर अडकलाय ते बघा आणि तेवढं पाणी डोळ्यांसमोर आणा. एवढं पाणी आलं की ते छोटी वळणं जुमानत नाही, सरळ कापत जातं, आणि सोनं शक्य तितक्या जवळच्या वाटेने एका आतल्या वळणावरून पुढच्या आतल्या वळणाकडे सरकतं. या रेषेवर एखादा मोठा धोंडा असेल तर त्याच्या खालच्या अंगाची, पाणी मंद पडतं तिथली, वाळू काढा. अरुंद पात्र अचानक रुंद होतं किंवा उतार कमी होतो त्या जागाही सोडू नका.

आणि कातळ उघडा पडलाय का बघाच. गुळगुळीत कातळावरून सोनं घसरून जातं, पण प्रवाहाला आडव्या भेगा असतील तर त्यात अडकतं. वरची सैल वाळू बाजूला करा, टोक वाकवलेल्या स्क्रूड्रायव्हरने तळापर्यंत खरवडा. अगदी खाली घट्ट बसलेला चिकणमातीचा थर लागतो, खरा माल बहुतेक त्यातच! तो बादलीत हाताने पूर्ण कुस्करून मगच पॅनमध्ये घ्या, ढेकूळ तसंच राहिलं तर चिकटलेलं सोनं घेऊन बाहेर जातं.

धबधब्याखालच्या डोहाचा मोह सगळ्यांनाच होतो, पण तिथलं पाणी घुसळून सगळं बाहेर फेकतं, मी तरी त्यात वेळ घालवत नाही. काळ्या वाळूचं म्हणाल तर ती बरीचशी मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं एक जड खनिज, घनता 5 च्या आसपास. ती दिसली म्हणजे जड कण साचतायत एवढंच कळतं, सोनं असेलच असं नाही.

प्रश्न: पॅनमध्ये चमकतं ते अभ्रक की सोनं, कसं ओळखायचं?

उत्तर: पॅनवर हाताची सावली धरा, अभ्रकाची चमक विझते, सोनं सावलीतही पिवळंच दिसतं. सोनमाखीची (सोन्यासारखं चमकणारं लोखंड-गंधकाचं खनिज) शंका असेल तर सुईने दाबा, सोनं दबतं, सोनमाखीचा चुरा होतो.