स्तीनेवर जाण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

रोमानियातल्या कार्पेथियन डोंगरांत वन्यप्राण्यांमुळे मेंढपाळांचं होणारं नुकसान नोंदवायला तू निघालायस. तिथे पाहायच्या प्राण्यांची तुझी यादी वाचली. अस्वल, लांडगा, लिंक्स. त्यात मेंढपाळाचा कुत्रा नाही, आणि तुझी पहिली गाठ पडेल ती बहुधा त्याच्याशीच.

मे महिन्याच्या सुमारास कळप वर चढतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात. मधल्या काळात मेंढपाळ उंच कुरणावरच्या तळावर राहतात. या तळाला स्तीना म्हणतात आणि तिथल्या कारभाऱ्याला बाच. कुत्री मेंढ्यांमध्येच वाढलेली असतात; कळपाकडे येणारा प्रत्येकजण त्यांच्या लेखी चोर. म्हणून घंटा ऐकू आल्या की थांब, कळप कुठे सरकतोय ते बघ आणि लांबून वळसा घाल. कळपातून वाट काढायची नाही. कुत्री धावून आली तर पळू नको, काठी उगारू नको, नजरेला नजर देऊ नको. जागीच उभा राहून मेंढपाळाला मोठ्याने हाक मार आणि कुत्री निवळली की हळूहळू मागे सर. सायकल असेल तर उतरून ती मध्ये धर.

काही कुत्र्यांच्या गळ्यात लाकडी दांडकं लोंबतं. ते जुजेउ. पुढच्या पायांवर आपटतं, त्यामुळे कुत्र्याला हरणामागे धावता येत नाही. पण मग लांडग्यामागे तरी कसं धावणार? मेंढपाळांची ही तक्रार मला रास्त वाटते.

धुक्याच्या, पावसाच्या रात्री जास्त धोक्याच्या. अस्वल मेंढवाड्यात घुसलं तर मेंढ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि काही गुदमरूनच मरतात. नुकसानीची नोंद करताना हेही विचार.

पहाटे स्त्रुंगाशी जा. ही वाड्याची अरुंद दारं. एकेक मेंढी आतून येते आणि दारात बसलेला माणूस तिची धार काढतो. हंगामाच्या सुरुवातीला दिवसातून तीनदा, पुढे दोनदा. कोमट दुधात, साधारण 30-35 अंशांना, रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा रस, घालतात. तासाभरात दही धरतं, ते मोडून फडक्यात दाबलं की काश, म्हणजे ताजं चीज. उरलेलं पाणी मंद आचेवर तापवत सतत तळापासून ढवळतात, नाहीतर करपतं. वर येतो तो उर्दा, मऊ चीजचा प्रकार. किलोभर काशला पाचेक लिटर दूध लागतं. रात्रभर बिथरलेला कळप सकाळी कमी दूध देतो. तुझ्या वहीत मेलेल्या मेंढ्यांइतकाच या घटीला रकाना हवा.

अस्वलाला कधीही खाऊ घालू नको. ट्रान्सफागाराशान रस्त्यावर गाड्यांपाशी हात पसरून उभी राहणारी अस्वलं लोकांनीच तशी केली, आणि माणसाची भीती गेलेलं अस्वल शेवटी गोळीने मरतं. जेवण तंबूत ठेवू नको. रासबेरीच्या झुडपांत आणि शरद ऋतूत बीच झाडांच्या रानात बोलत चाल. समोर आलंच तर पाठ न फिरवता मागे ये. मदतीसाठी 112.

गवतात गोचिडी फार. रोज संध्याकाळी गुडघ्यांमागे, काखेत, कंबरेपाशी तपास. गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराच्या लसीबद्दल डॉक्टरांना दोनतीन महिने आधीच विचार, कारण दोन मात्रांमध्ये अंतर ठेवावं लागतं.

सस्नेह