वाचकांचे प्रश्न : पन्नाशी ओलांडलेली गाडी

प्रश्न : आमच्याकडे १९६८ सालची फियाट अकराशे डिलाइट आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि नोंदणी आजही त्यांच्याच नावावर आहे. त्यांचे निधन चार वर्षांपूर्वी झाले. गाडी गेली दहा-बारा वर्षे इमारतीच्या आवारात उभी आहे. आता इमारत पुनर्विकासाला जाणार असल्याने सोसायटीने गाडी हलवण्यास सांगितले आहे. भंगारवाला रोज विचारतो, पण मला ती दुरुस्त करून व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सर्वप्रथम, गाडी भंगारात देऊ नका. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या आणि एकाच घरात राहिलेल्या डिलाइट आता फार थोड्या उरल्या आहेत. आपल्या पत्रातील ‘नवी घेतली होती’ हे तीन शब्द त्या गाडीचे खरे मोल सांगतात.

सुरुवात मात्र गॅरेजमधून नव्हे, कपाटातून करा. नोंदणी पुस्तक, कर भरल्याच्या जुन्या पावत्या, विम्याचे जुने कागद आणि मूळ बिल सापडत असेल तर तेही एका फाईलमध्ये लावा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. तिच्यानुसार पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेले आणि मूळ स्वरूपात राखलेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. मोजणी कारखान्यातून गाडी बाहेर पडल्याच्या वर्षापासून नव्हे, तर पहिल्या नोंदणीपासून होते, म्हणून नोंदणी पुस्तकाचे पहिले पान सर्वांत महत्त्वाचे आहे. आपली गाडी ही अट २०१८ मध्येच पूर्ण करून बसली आहे.

त्यानंतरचे काम म्हणजे गाडी आपल्या नावावर करणे. मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरणासाठी नमुना ३१ आहे. त्यासोबत मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काचा पुरावा लागतो, आणि आई किंवा भावंडे वारस असतील तर त्यांची लेखी संमती घेऊन ठेवणे शहाणपणाचे. नियमाप्रमाणे मृत्यूची माहिती नोंदणी कार्यालयाला तीस दिवसांत द्यायची असते आणि हस्तांतरणाचा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. आपल्याकडून ही मुदत केव्हाच उलटली आहे, त्यामुळे विलंबाचा भुर्दंड पडेल, परंतु तेवढ्यासाठी हे काम आणखी लांबणीवर टाकू नका. घरातील माणसे एकमताने सही करण्यास तयार असतात तोच काळ योग्य असतो.

नाव लागल्यावर परिवहन पोर्टलवर नमुना २० मध्ये अर्ज करावा लागतो. त्याला चालू विमा, शुल्क आणि भारतात आधी नोंदलेल्या गाडीसाठी जुने नोंदणी पुस्तक जोडावे लागते. गाडी परदेशातून आणलेली असेल तर सीमाशुल्काचा दस्तऐवजही लागतो, पण तो प्रश्न आपल्याला नाही. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये व पुढील पुनर्नोंदणीचे पाच हजार रुपये असून नोंदणी दहा वर्षांसाठी असते. अर्जावर साठ दिवसांत प्रमाणपत्र द्यावे, असे नियमात म्हटले आहे. आपल्यासाठी सर्वांत आनंदाची गोष्ट ही, की आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक कायम ठेवता येतो. राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’, मग दोन अक्षरे आणि चार आकडे, अशी नवी मालिका नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी आहे. वडिलांच्या गाडीवरची जुनी तीन अक्षरे आणि चार आकडे तसेच राहू शकतात.

आता गाडीकडे वळू. ती हलवण्यापूर्वी सर्व बाजूंनी, बॉनेटखाली आणि आतून भरपूर छायाचित्रे काढा. चॅसिस व इंजिनवरील क्रमांकांची पेन्सिल प्रिंट, म्हणजे क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा, आताच घेऊन ठेवा. हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या स्वतःच्या गाडीचे काम करताना एका रंगाऱ्याने क्रमांकाच्या जागेवरच पुट्टी फिरवली होती. ती हलक्या हाताने काढण्यात दोन दिवस गेले, आणि एखादा आकडा घासला जाईल या भीतीने मला धड झोप लागली नव्हती. क्रमांक घासलेला दिसला की तपासणाऱ्या अधिकाऱ्याला शंका येणारच, आणि त्यात त्याची चूक नसते.

इतकी वर्षे उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी जोडून लगेच स्टार्टर मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडा, दोन-तीन दिवस तसेच राहू द्या आणि मग इंजिन हाताने फिरवून पाहा. ते मोकळे फिरले तर अर्धी लढाई जिंकली. टाकीतील कुजलेले पेट्रोल काढून टाकी धुऊन घ्या, रेडिएटर साफ करून घ्या. चारही चाकांना ड्रम ब्रेक असल्याने मास्टर सिलिंडर आणि प्रत्येक चाकाचा व्हील सिलिंडर उघडल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. टायर वरून कितीही चांगले दिसत असले तरी बदला, कारण उभ्या उभ्या रबर कडक होते व त्याला भेगा पडतात.

खरा खर्च पत्राकामाचा येईल. खाडीकाठची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे ठाण्यात उघड्यावर उभी राहिलेली गाडी वरून धुळकट दिसते, परंतु खालून सडलेली असते. पायदानाखालचा पत्रा, दाराखालची पट्टी, दारांचे तळ आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) आधार बारकाईने पाहा, शक्य असल्यास गाडी रॅम्पवर घेऊन. सडलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा पत्रा त्याच घडणीत जोडणारा कारागीर शोधा. पुट्टीने भोक बुजवणारा स्वस्त पडतो, पण दोन पावसाळ्यांनंतर तेच भोक दुप्पट होऊन समोर येते. रंगकाम पावसाळ्यात घेऊ नका, कारण हवेतील ओलाव्याने लॅकरवर पांढुरकी झाक चढते.

प्रश्न : माझ्याकडे १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी आहे आणि तिने मी आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात जातो. व्हिंटेज नोंदणी केल्यास दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाचा त्रास वाचेल का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : नाही. आपल्या गाडीला पन्नास वर्षे २०३२ मध्ये पूर्ण होतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी नियमित किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, तेथे जाणे-येणे, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती चालवता येते. जी गाडी आपल्याला सायन-पनवेल महामार्गावर इमाने साथ देते आहे, तिला अशा मर्यादेत बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नमुना २५ भरून नेहमीप्रमाणे नूतनीकरण करा. वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारींचे नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये करण्यात आले, ते खर्चात धरा. पीयूसी आणि विमा खंडित होऊ देऊ नका.

प्रश्न : आमच्या १९७० सालच्या फियाटचे इंजिन थकले आहे. मेकॅनिक म्हणतो की मारुतीचे इंजिन आणि स्टिअरिंगऐवजी खाली मधोमध असणारा गिअर बसवला तर गाडी नव्यासारखी पळेल आणि सुटे भागही सहज मिळतील. पुढे व्हिंटेज नोंदणी करायची असल्यास हे चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कृपया हे करू नका. चॅसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेली गाडी व्हिंटेजच्या व्याख्येत बसत नाही. मेकॅनिकची सोय समजण्यासारखी आहे आणि केवळ फिरण्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे चुकीचेही नाही, परंतु १०८९ सीसीचे ते मूळ इंजिन निघाले की आपल्या हाती फियाटचे रूप तेवढे उरेल. फियाट अकराशेला वेगळी चॅसिस नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे, त्यामुळे खालच्या गिअरसाठी मधल्या पत्र्याला पाडलेले भोक हा सांगाड्यातच केलेला बदल ठरतो. स्टिअरिंगला असलेला गिअर ही तर या गाडीची ओळख आहे. ज्यांनी तो वापरला आहे त्यांचा हात आजही नकळत तिकडे जातो.

थकलेले इंजिन बहुधा सुधारता येते. बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालणे, क्रँक घासून नवी बेअरिंगे बसवणे, व्हॉल्व्ह सीट करणे ही कामे चांगल्या लेथवर आजही होतात. मूळ ब्लॉक तोच राहिल्याने क्रमांकही तोच राहतो. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चिकाटीने शोधल्यास मिळतात. तेथे जाताना आपला जुना भाग सोबत न्या, नुसत्या नावावर विश्वास ठेवू नका.

याच वेळी इंधनाची सर्व रबरी नळी, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची पॅकिंगे बदलून घ्या. आता बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या प्रकारचे रबर त्यात फुगते किंवा तडकते, आणि इथेनॉल पाणी शोषत असल्याने उभ्या गाडीची पत्र्याची टाकी आतून गंजते. इथेनॉलला टिकणाऱ्या, व्हिटॉन जातीच्या रबराची नळी मागून घ्या आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका. गरम इंजिनावर गळणारी नळी हे आगीचे कारण ठरते, म्हणून यात काटकसर नको.

प्रश्न : काकांची १९७२ सालची लॅम्ब्रेटा मला मिळाली आहे. नोंदणी पुस्तक हरवले आहे. नोंदणीचा काही मार्ग आहे का, आणि विमा कितीचा काढावा?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : मार्ग आहे आणि दुचाकीलाही व्हिंटेजची तरतूद लागू आहे. भांडुपच्या कारखान्यात बनलेली स्कूटर पलीकडच्या काठावर ऐरोलीत राखली जाते आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. हरवल्याची नोंद पोलीस ठाण्यात करून नमुना २६ मध्ये दुय्यम पुस्तकाचा अर्ज ज्या कार्यालयात मूळ नोंदणी झाली तेथेच करावा लागतो. तो काकांनी स्वतः करावा किंवा ते हयात नसतील तर वारसांनी हस्तांतरणासह. इतक्या जुन्या गाडीची नोंद संगणकावर नसण्याची शक्यता आहे, तेव्हा कार्यालयातील जुन्या नोंदवहीतून ती काढून संगणकात चढवण्याची विनंती लेखी द्या आणि पोच घ्या. जुना क्रमांक, काकांचे त्या वेळचे नाव-पत्ता आणि एखादी कराची पावती हाताशी असली तर शोध पुष्कळ सोपा होतो. विम्याबाबत, पाच वर्षांपेक्षा जुन्या वाहनाचे मूल्य कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरते. म्हणून दुरुस्तीची बिले आणि छायाचित्रे दाखवून वाजवी रकमेचा आग्रह धरा. कंपनीची पाहणी होईपर्यंत स्कूटर रस्त्यावर आणू नका.